सशाचे सहा तास

डॉ. दिगंबर सबनीस शनिवार करायचे. नुसता उपास नव्हे. सकाळी मारुतीला तेल, शेंदूर, रुईच्या पानांची माळ, असा सगळा सरंजाम असायचा. कलकत्त्यात रुईला आकंद म्हणतात आणि ती शंकराला वाहतात, यावरून त्यांचं आणि एस्प्लनेडच्या एका फुलवाल्याचं एकदा चांगलंच वाजलं होतं. आता कोणी कोणते वार करावेत हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण सबनीस एका सरकारी नेत्रसंशोधन केंद्राचे संचालक होते, आणि त्यांच्या शनिवारांमुळे तिथल्या विज्ञानाला जे वळण लागलं, ते जगात आणखी कुठे लागलं असेल असं वाटत नाही.

कालिंदी मोघे त्या केंद्रात संशोधक होती. वय चौतीस, लग्न केलेलं नाही, नोकरी पाच वर्षं हंगामी आणि जीभ मात्र कायमची तिखट. जन्म कलकत्त्यातलाच. वडील मनोहर मोघे, म्हणजे नाना, इथल्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बापलेक डमडमला एका बंगाली कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. दिवसभर बाहेर बंगाली आणि इंग्रजी बोलून आखडलेली मराठी जेवणाच्या वेळी मोकळी सुटायची, आणि तोंडी लावायला केंद्रातल्या गमती असायच्या. नाना हसून हसून घास खाली ठेवायचे. मुलगी अशी नकला करणारी निघाली याचं त्यांना तिच्या डॉक्टरेटपेक्षा जास्त कौतुक होतं.

नानांना एकच डोळा होता. दिसायला दोन होते, पण डावा काचबिंदूने कधीच नेला होता. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्या उजव्यासमोर गेल्या वर्षापासून मधूनच अंधारी येऊ लागली होती. वरून पडदा खाली उतरल्यासारखं व्हायचं, दोन-चार मिनिटं काही दिसायचं नाही, मग पुन्हा सगळं लख्ख. नाना त्याला ‘खग्रास’ म्हणायचे आणि हसण्यावारी न्यायचे. कालिंदीला मात्र त्या मिनिटांचा अर्थ नेमका ठाऊक होता. डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त पोचवणारी वाहिनी क्षणभर तुंबत होती आणि सुटत होती. एखाद्या दिवशी ती सुटणार नव्हती. मग तास-दीड तासात रुग्णालय गाठलं तरच काही आशा. त्यानंतर पडदा मरतो, आणि मेलेला पडदा जिवंत करणारा अजून जन्माला आलेला नाही. हे तिने नानांना शंभरदा बजावलं होतं. माझी वाट बघायची नाही, खालच्या माशीमांना, म्हणजे घरमालकीणबाईंना, हाक मारायची, टॅक्सी करायची आणि निघायचं. नाना दर वेळी हो म्हणायचे.

केंद्राला दिल्लीहून जे काम मिळालं ते नेमकं याच दुखण्यावरचं होतं. जनावराच्या डोळ्याचा रक्तपुरवठा मुद्दाम रोखायचा, पडदा किती वेळ तग धरतो ते बघायचं, आणि औषधाने ती मुदत वाढवता येते का ते शोधायचं. औषधाची चिंता नव्हती. सबनीसांनी ते स्वतःच बनवून ठेवलं होतं आणि विनयाने त्याला ‘सबनीस द्रावण’ असं नाव दिलं होतं. फक्त ते कोणत्या प्राण्यावर चालवून बघायचं एवढंच ठरायचं होतं, आणि त्यासाठी बैठक बोलावली गेली.

कालिंदीने फळ्यावर लिहिलं : माकड. माकडाच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची रचना थेट माणसासारखी असते, त्यामुळे यात वाद घालण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही. सबनीस उठले, खिशातून रुमाल काढला आणि फळा स्वतःच्या हाताने पुसला. माझ्या हयातीत या इमारतीत माकडाच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं ते शांतपणे म्हणाले.

मग उंदराचं नाव निघालं. पण सबनीस मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचेही अध्यक्ष होते, आणि भाद्रपदात गणपतीच्या ज्या वाहनाला मोदक ठेवायचा त्याचे डोळे मार्गशीर्षात फोडायचे हे त्यांच्या बुद्धीला पटेना. मग मांजर. मांजर वाईट नव्हतं. तेवढ्यात डॉ. श्यामसुंदर भट्टाचार्य खुर्चीत चुळबुळले. हे केंद्राचे नेत्रशल्यविशारद; हात सोन्याचा, विचार जहाल, सिगारेट संपेपर्यंत क्रांतीवर बोलणारे. मांजर हे षष्ठीदेवीचं वाहन आणि ती देवी लेकराबाळांची राखण करते, यावर आपला स्वतःचा काडीचाही विश्वास नाही, असं त्यांनी इंग्रजीत स्पष्ट केलं. मात्र आपल्याला तीन मुलं आहेत आणि बायकोला इंग्रजी येत नाही, असंही ते म्हणाले. राहिला कुत्रा. त्याला प्रशासन अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांचं नाव दत्तात्रय बिवलकर. दत्ताच्या पायाशी कोण बसलेलं असतं हे त्यांना सांगावंही लागलं नाही. डुकराचं नाव कोणीतरी पुटपुटलं तेव्हा सगळ्यांना एकदम चहाची आठवण झाली.

तर ससा राहिला. सशावर कोणी देव बसत नाही. तो चंद्रावर असतो म्हणतात, पण चंद्रावर एव्हाना माणसं जाऊन आली होती आणि त्यांनी तशी काही तक्रार केलेली नव्हती. ठराव एकमताने मंजूर होणार, इतक्यात कालिंदी उभी राहिली.

तिचं म्हणणं साधं होतं. सशाच्या पडद्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. मधोमध एक आडवा पट्टा असतो, तेवढ्यातच काय त्या असतात. बाकीचा पडदा मागच्या थरातून आपलं पोषण घेतो. पडद्याची वाहिनी बंद केली तरी सशाचं फारसं काही बिघडत नाही. घरात विहीर असलेल्या माणसाचा नळ तोडायचा आणि त्याला तहान कधी लागते ते मोजत बसायचं, त्यातला हा प्रकार होईल, असं तिने सांगितलं. सबनीसांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. ससा सस्तन आहे ना? कालिंदीने मान्य केलं की आहे. मग झालं तर, ते म्हणाले, आणि बिवलकरांनी ठराव लिहून घेतला.

त्या दिवशी जेवताना कालिंदीने बैठक सादर केली ती अशी की नानांना ठसका लागला. सबनीसांचा रुमाल, भट्टाचार्यांची तीन मुलं, बिवलकरांचा दत्त, सगळं तिने हुबेहूब उभं केलं. पुढच्या वेळी झुरळ सुचव, त्याला अजून कोणी वाहन म्हणून घेतलेलं नाही, असा सल्ला नानांनी दिला. पडद्याच्या रचनेचा भाग तेवढा तिने गाळला. तो रुक्ष होता आणि त्याने गोष्ट लांबली असती.

काम सुरू झालं. सकाळी दहाला भट्टाचार्य सशाला गुंगी देऊन त्याच्या डोळ्यामागे बारीक चिमटा लावायचे आणि वाहिनी बंद करायचे. मग द्रावणाचं इंजेक्शन. चारला चिमटा सोडायचा, डोळ्यासमोर झगझगीत दिवा चमकवायचा आणि बुबुळाला लावलेल्या तारेतून पडदा काही उत्तर देतो का ते यंत्रावर बघायचं. दहा ते चार हे सहा तास कोणत्याही ग्रंथात नव्हते. पाचला प्राणीगृहाची माणसं घरी जात आणि त्याआधी पिंजरे धुवावे लागत, म्हणून चार. माणसं सातला जाणारी असती तर विज्ञानाला आठ तास मिळाले असते.

पडदा उत्तर द्यायचा. दिवा चमकला की यंत्रावरची रेघ टुणकन उडी मारायची, आणि सबनीस तिच्याकडे नातवाच्या पहिल्या पावलाकडे बघावं तसं बघायचे. सहा तास रक्त नाही आणि पडदा जिवंत! कालिंदीने मग जे कोणीही केलं असतं ते केलं. काही सशांना चिमटा लावला, पण द्रावण दिलंच नाही. त्यांच्याही रेघा तशाच उड्या मारू लागल्या. एकीत तर उडी जरा जास्तच होती. ती यंत्राचे कागद घेऊन सबनीसांकडे गेली आणि म्हणाली की सर, औषध न देताही ससे बरेच आहेत. सबनीसांनी कागद उलटसुलट करून पाहिले. ‘याचा अर्थ श्यामसुंदरबाबूंचा हात किती हलका आहे बघा,’ ते म्हणाले, आणि इथून पुढे औषधाविना ससे वाया घालवू नयेत असं त्यांनी प्रेमाने सांगितलं.

सबनीस लबाड असते तर सगळं सोपं झालं असतं. ते लबाड नव्हते. आपल्या द्रावणावर त्यांचा तितकाच विश्वास होता जितका मारुतीवर, आणि दोघांनाही पुरावा मागणं त्यांना सारखंच असभ्य वाटायचं. परमुलखात आपण चार मराठी माणसं, एकमेकांना धरून राहिलं पाहिजे, हे ते मनापासून म्हणायचे आणि मनापासून पाळायचेही. नानांच्या डोळ्याची चौकशी ते न चुकता करत.

त्याच चौकशीतून पुढचं घडलं. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात शोधनिबंध तयार झाला. त्यात बिनऔषधाच्या सशांचा उल्लेखही नव्हता. पहिलं नाव सबनीसांचं, तिसरं भट्टाचार्यांचं आणि मधलं कालिंदीचं. तिने सही करायला नकार दिला. सबनीस रागावले नाहीत. त्यांनी तिला समोर बसवलं, चहा मागवला आणि मनोहरपंतांच्या अंधाऱ्या हल्ली वाढल्यात का ते विचारलं. वाढल्या होत्या. मग त्यांनी सांगितलं की आवारातलं दुसऱ्या मजल्यावरचं क्वार्टर रिकामं होतंय. रुग्णालयाचं दार समोर, मधे फक्त बाग. डमडमहून इथे पोचायला तास मोडतो, एखादा मोर्चा आडवा आला तर विचारूच नका. क्वार्टरमध्ये असते तर मनोहरपंत चपला घालून दोन मिनिटांत डॉक्टरांपुढे. फक्त क्वार्टर कायम माणसालाच देता येतं. आणि कायम करायचं तर दिल्लीला काहीतरी दाखवावं लागतं.

‘तुझ्यासाठी नाही म्हणत मी, कालिंदी,’ ते म्हणाले. ‘नानांसाठी म्हणतोय.’

ते खरंच नानांसाठी म्हणत होते. कालिंदीने दोन दिवस विचार केला. एका पारड्यात एक चुकीचा निबंध होता. असे निबंध जगात रोज छापले जातात, ते कोणी वाचत नाही, आणि वाचलं तरी चार हुशार माणसं त्याची टर उडवून मोकळी होतात. दुसऱ्या पारड्यात नानांचा डोळा होता. तिने सही केली. भट्टाचार्यांनी तर केव्हाच केली होती. क्रांती झाल्यावर अशा सह्यांना काही अर्थ उरणार नाही, असं त्यांचं मत होतं.

पण निबंध वाचला गेला. सबनीसांनी पत्रकार बोलावले. एका इंग्रजी दैनिकात चांगला रुंद मजकूर आला : कलकत्त्याच्या संशोधकांचं यश, डोळ्याचा रक्तप्रवाह थांबल्यावरही सहा तासांपर्यंत दृष्टी वाचवणं शक्य. खाली तिघांची नावं. नानांनी तो मजकूर उजव्या डोळ्याजवळ धरून दोनदा वाचला, मग खाली जाऊन माशीमांना वाचून दाखवला, म्हणजे बंगालीत समजावून सांगितला. माशीमांचं नाव प्रेमलता. त्या नानांना मास्टरमशाय म्हणत आणि त्यांच्या शब्दाबाहेर नसत. शाळेतले जुने सहकारी भेटले की नाना विषय तिथे आणून सोडत. मंडळाच्या गणपतीत सबनीसांनी कालिंदीला व्यासपीठावर बोलावून नारळ दिला तेव्हा नाना पहिल्या रांगेत होते.

कालिंदीने त्यांना काही सांगितलं नाही. सांगायला गेली असती तर सगळंच सांगावं लागलं असतं, सही आणि क्वार्टरसकट. मग नानांनी ते क्वार्टर घेतलं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. एकदा आपण आवारात राहायला गेलो की सहा काय आणि साठ काय, काही फरक पडणार नाही. तेव्हा सवडीने सांगू, असं तिने ठरवलं. मूग गिळून ती गप्प बसली. जेवताना केंद्रातल्या गमतीही हळूहळू बंद झाल्या. नानांना वाटलं, कायम झाली, जबाबदारी वाढली, माणूस गंभीर होतो.

ती कायम झाली होती. क्वार्टरही तिच्या नावावर झालं होतं. फक्त भिंतींना चुना लावायचा राहिला होता, आणि चुना लावणारं खातं वेगळं होतं. त्या खात्याने सप्टेंबरमध्ये येऊन भिंती बघितल्या, ऑक्टोबरमध्ये पूजेची सुट्टी घेतली आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा भिंती बघितल्या.

डिसेंबरात दिल्लीहून तीन पाहुणे द्रावण बघायला आले. सबनीसांनी फाटकापासून दिव्याच्या खोलीपर्यंत रांगोळी काढून घेतली. सकाळी दहाला सशाला चिमटा लावला. दुपारी ऐन वेळेवर यंत्र सुरू करायचं म्हणून कालिंदीने दोनदा तालीम केली, आणि दीडच्या सुमारास लोडशेडिंग झालं. दिवा चमकेना, रेघ उठेना. सबनीसांनी प्रसंगावधान राखून पाहुण्यांना संदेश मिठाई खायला बसवलं. वीज संध्याकाळपर्यंत येणार नव्हती, पाहुण्यांची विमानं संध्याकाळची होती. यंत्राशिवाय कालिंदीचं तिथे काही काम नव्हतं. सबनीसांनी तिला मोकळं केलं आणि ती बसने डमडमला परतली.

नाना दाराशी खुर्चीवर बसले होते. अंगात कोट, डोक्याला टोपी, हातात काठी, पायांत बूटमोजे. शेजारी माशीमा रडवेल्या बसल्या होत्या. कालिंदीची चाहूल लागताच नानांनी मान वर केली, पण ती होती तिथे नाही, जराशी बाजूला.

‘आलीस का?’ ते म्हणाले. ‘बरं झालं. सकाळी पेपर वाचताना खग्रास लागला तो सुटलाच नाही. गडबड करू नकोस. अजून सहा तास झालेले नाहीत.’

माशीमा बंगालीत सांगू लागल्या. त्यांनी सकाळीच टॅक्सी बोलवायची म्हटलं होतं. औषधाच्या दुकानातून फोन करू म्हटलं होतं. मास्टरमशायनी काही ऐकलं नाही. आज मुलीकडे दिल्लीची माणसं आहेत, तिच्या कामात मोडता घालायचा नाही, शास्त्र आता पुढे गेलंय, पाच वाजेपर्यंत काही घाबरण्याचं कारण नाही, असं त्यांनी उलट माशीमांनाच समजावलं होतं. चहा प्यायले, पोळी-भाजी खाल्ली, माशीमांच्या मुलाकडून दाढी करून घेतली. भिंतीवरच्या घड्याळाचे टोले ऐकत ते बसून राहिले होते.

कालिंदीने टॅक्सी केली. श्यामबाजारला मोर्चा आडवा आला आणि टॅक्सी उभी राहिली. लाल झेंडे काचेवरून हळूहळू सरकत होते. नानांनी तिचा हात चाचपून धरला आणि थोपटला. ते तिला धीर देत होते. द्रावणाची सुई दुखते का, एवढंच त्यांनी विचारलं.

रुग्णालयात भट्टाचार्यांनी नानांच्या डोळ्यात बघितलं. पडदा पांढुरका पडला होता आणि मधोमध एक लाल ठिपका तेवढा उरला होता. याचा अर्थ कालिंदीला समजावून सांगायची गरज नव्हती. असलं चित्र तिने पुस्तकात शेकडो वेळा पाहिलं होतं. सशांच्या डोळ्यांत ते कधीच दिसलं नव्हतं. भट्टाचार्यांनी तरी डोळा चोळला, सुई घालून डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणी काढलं, जे करता येतं ते सगळं केलं. त्यांचा हात खरोखरच हलका होता.

एवढ्यात सबनीस आले, आणि त्यांच्यामागे हातात संदेशाच्या बशा घेतलेले दिल्लीचे तिघे. बातमी त्यांना फाटकावर कळली होती. मनोहरपंतांसाठी त्यांचा जीव कळवळला, यात शंका नाही. पण त्याच वेळी दुपारी वाया गेलेला प्रयोग असा माणसाच्या रूपाने चालत आला, हेही त्यांच्या ध्यानात आल्याशिवाय राहिलं नाही. किती वाजता दिसेनासं झालं, असं त्यांनी विचारलं. नानांनी सांगितलं. सबनीसांनी घड्याळ पाहिलं आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, मुदतीत आहे. कालिंदीने मधे हात घातला. ‘सर, काही उपयोग नाही, तुम्हाला माहीत आहे,’ ती मराठीत म्हणाली. सबनीसांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी मारुतीचं नाव घेतलं आणि सुई टोचली.

सगळे थांबले. पाहुण्यांपैकी एकाने बशी खिडकीत ठेवली. काही वेळाने सबनीसांनी नानांच्या डोळ्यासमोर बॅटरी पेटवली आणि काही दिसतंय का विचारलं. नाना नाही म्हणाले, आणि मग, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून, जरासं उजळल्यासारखं वाटतंय खरं, असं म्हणाले. तेव्हा बॅटरी विझलेली होती.

पाहुण्यांनी घड्याळं पाहिली. विमानतळ डमडमलाच होता आणि रस्त्यात मोर्चा होता. सबनीस त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले. जिन्यात ते इंग्रजीत सांगत होते ते कालिंदीला दारातून ऐकू आलं. वयाचा मुद्दा आपल्याकडून राहून गेला, ससे सगळे तरुण होते. पुढच्या टप्प्यात म्हातारे ससे घ्यावे लागतील. दिल्लीच्या पाहुण्यांना सूचना पसंत पडली. नंतर सबनीस एकटेच परत आले, नानांच्या उशाशी बसले आणि देवाच्या मनात असेल ते, एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, दोन्ही.

संध्याकाळी वॉर्डात नानांच्या खाटेशी कालिंदी एकटीच उरली. खिडकीबाहेर बाग होती आणि बागेपलीकडे क्वार्टर. त्याच्या भिंती तशाच पोपडे आलेल्या. कालिंदी इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं घेऊन नानांवर तुटून पडली. शंभरदा सांगितलं होतं, तास-दीड तास म्हणून. माशीमा टॅक्सी करत होत्या, त्यांना अडवलंत. त्या सबनीसांच्या बोलण्यावर कोणी शहाणा माणूस विसंबतो का? तिचा आवाज चढला तशी पलीकडच्या खाटेवरचा रुग्ण उठून बसला.

नानांनी तिला बोलू दिलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, ‘सबनीसांच्या शब्दावर मी भाजीसुद्धा आणली नसती, कालिंदी. त्या सशांना तर आपण दोघं पोट धरून हसलो होतो. पण खाली तुझं नाव होतं. म्हटलं, हिने सही केलीय म्हणजे हिने तपासलं असणार. आधी दीड तास होते, आता सहा झाले. शास्त्र असंच पुढे जातं.’

कालिंदी खाटेचा लोखंडी दांडा धरून उभी राहिली. बागेत कोणीतरी पानं झाडत होतं, त्याचा आवाज येत होता.

‘तपासलं होतंस ना?’ नानांनी विचारलं.

‘तपासलं होतं.’

‘मग?’

‘सशाचा डोळा आपल्यासारखा नसतो, नाना. त्याचं रक्त थांबवलं तरी त्याला काही होत नाही. औषध दिलं काय, न दिलं काय.’

‘हे तुला आत्ता कळलं?’

क्वार्टरचं नाव कालिंदीच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. तो तुमच्यासाठीच होता सगळा खटाटोप, असं म्हणणं म्हणजे डोळा घेऊन वर त्याची पावती मागण्यासारखं होतं.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘पहिल्या दिवसापासून माहीत होतं.’

नानांनी मान हलवली. रागावून नाही, वर्गातल्या हुशार मुलीने सोप्या प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यावं आणि मास्तरांनी तिच्याकडे बघून हलवावी, तशी त्यांनी ती सावकाश हलवली. फक्त ती कुठे उभी आहे हे त्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे ते खिडकीकडे बघत होते.